बेसिनवरची पाटी

माझ्या बहिणीचे दात किडले. गोष्ट एवढीशीच आहे. पण का किडले ते सांगायचं तर मधलं काही गाळून चालणार नाही. गाळण्यामुळंच सगळा घोळ झालाय.

बहीण नऊ वर्षांची, मी तेवीस. मधे चौदा वर्षांचं अंतर, म्हणजे मी अर्धा भाऊ आणि अर्धा बाप. खरा बाप आहे घरात, पण तो कायम सायलेंटवर असतो. मालाची गाडी चालवतो, आठवड्यातले पाच दिवस बाहेर, आणि घरी असला की झोपलेला.

बहिणीला आम्ही खारू म्हणतो. खारूताईमधली खारू. घास गालात साठवून ठेवते म्हणून. उजव्या गालात. डाव्या बाजूची तिला खात्री नसते.

जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डावीकडं नाकापर्यंत फाटलेला होता, आणि आत टाळूला भेग. पाच महिन्यांची होती तेव्हा ओठ शिवला. सव्वा वर्षाची झाल्यावर टाळू शिवली. पण पुढं, वरच्या हिरडीत, एक फट राहिली. ती तेव्हा भरत नाहीत म्हणे. पोर वाढू देतात, मग भरतात. त्या फटीमुळं घाईनं पाणी प्यायली की नाकातून येतं. शाळेत तिला 'नळ' म्हणतात. कुणी तिच्यासमोर पाण्याची बाटली उघडली की मागून आवाज येतो, "ए, नळ चालू झाला बघ!"

ही फट भरायची होती. कमरेच्या हाडातून थोडंसं हाड काढायचं आणि हिरडीत भरायचं. मग वरचा सुळा त्या हाडातून नीट खाली उतरतो. नाकातून पाणी येणं बंद. नळ बंद. खारूला एवढंच कळलं होतं. "नळ बंद होणार ना?" रोज विचारायची. बाबांना, मला, भिंतीला.

अट एकच. सुळा खाली यायच्या आत करायचं. आणि तोंड स्वच्छ पाहिजे. घाणेरड्या तोंडात हाड भरलं तर ते आत सडतं आणि बाहेर येतं. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी आधी दातांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी सही दिली की तारीख मिळणार.

दातांच्या डॉक्टर म्हणजे एक बारीक बाई. चष्मा डोक्यावर, आणि बोलणं असं की समोरच्याला भूल न देता टाके घालतायत. त्यांनी खारूला खुर्चीत आडवी केली, दिवा ओढला आणि आत बघितलं. मग कसलासा रंग कापसावर घेऊन तिच्या दातांवर फिरवला.

"चूळ भर. आता आरसा घे. जिथं जांभळं दिसतंय तिथं घाण."

खारूनं आरशात बघितलं आणि पटकन तोंड मिटलं.

"मिटू नकोस. बघू देत सगळ्यांना." बाईंनी आम्हाला पुढं बोलावलं. "मागच्या दोन दाढा भरायच्या. खाली एक. ते होईल. पण हे बघा. फटीच्या शेजारचे दोन दात."

तिथं जांभळं नव्हतंच. काळंच होतं. दातांच्या कडेला, हिरडीला लागून, दात झिजलेल्या खडूसारखे झालेले, आणि त्यावर जाड थर.

"ब्रश कोण करतं हिचा?"

आईनं पिशवीतून रुमाल काढला.

"इथं ब्रश कमी गेलाय असं मी म्हणत नाहीये. इथं ब्रश कधी गेलेलाच नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. कसं काय जमलं तुम्हाला?"

आता मी जे बोललो ते जसंच्या तसं सांगतो.

मी म्हटलं, "हिला विचारा, डॉक्टर. आमच्या मातोश्रींना. पोरगी रडली की बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा आणि मशीनवर बसायचं. दूध साखर घालून. झोपताना गोळी. दात घासायला वेळ कुठाय, जगाचे गणवेश शिवायचेत ना!"

आई गणवेशाच्या कारखान्यात कॉलर जोडते, उरलेल्या घरी आणून मशीनवर शिवते. दिवसाला अडीचशे कॉलर. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. काठाला काठ लावून.

"बोल की," मी म्हटलं. "आता दातखीळ बसली का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "भांडायचं असेल तर बाहेर बाक आहे. मला बारा आठवड्यांनी हे तोंड स्वच्छ पाहिजे. दाढा मी भरते. हे पुढचे दोन वाचले तर वाचले, पण थर गेला पाहिजे, हिरडीची सूज गेली पाहिजे. नाहीतर मी सही देणार नाही."

"आणि तोवर सुळा आला तर?"

"तो काही माझ्या सहीसाठी थांबणार नाही."

घरी येताना खारू आमच्या दोघांच्या मधे चालत होती. ओठ जांभळे. मधेच म्हणाली, "बारा आठवडे म्हणजे किती झोपा?"

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं. "आणि आजपासून तुझा ब्रश मी बघणार. हिच्यावर सोडलं तर कवळी लागेल तुला दहाव्या वर्षी."

आई म्हणाली, "बघ बाबा तूच."

बास. तेवढंच.

मी मोबाईल दुरुस्त करतो. कुणी शिकवलं नाही. आधी घरातला बिघडवला, मग शेजाऱ्यांचे, मग बिघडायचे थांबले. आता दुकानात खुर्ची आहे माझी. तिथं माझं निम्मं काम म्हणजे चार्जिंगच्या भोकात अडकलेली घाण काढणं. खिशातली लव, पावडर, बिस्किटाचा चुरा. बारीक ब्रश, थोडं स्पिरिट, भिंगाचा दिवा. दिवसभर लोकांच्या मोबाईलची तोंडं साफ करतो. त्यामुळं मला वाटलं, हे तर आपलंच काम आहे. एका पोरीचं तोंड म्हणजे काय मोठंसं!

आमचं बेसिन स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आहे. वर आरसा, कोपऱ्यात तडकलेला. प्लास्टिकच्या मगात चार ब्रश. आणि आरशाच्या वर एक पाटी. बुटाच्या खोक्याचं झाकण. मीच नववीत असताना लाल स्केचपेननं लिहून लावलेली, खारूच्या टाळूचं ऑपरेशन झालं तेव्हा. चिकटपट्टीवर चिकटपट्टी मारून ती आता भिंतीचाच भाग झाली होती. आम्ही तिच्याखाली रोज तोंड धुवायचो आणि ती कुणाला दिसायची नाही. खिळा दिसत नाही तशी.

पहिला आठवडा. सकाळी साडेसहा, संध्याकाळी सात. खारूला स्टुलावर उभी करायची, मागून डोकं छातीला टेकवून धरायचं, ब्रश आत. खाली, मागं, उजवीकडं, सगळं ठीक. डावीकडं वर गेलो की वरचा ओठ असा घट्ट ओढून घ्यायची की ब्रश आत जायचाच नाही. शिवलेली खूण पांढरी पडायची.

"सैल सोड."

मान हलवून नाही.

"खारू, सैल सोड म्हटलं ना."

नाही.

मग मी अंगठ्यानं ओठ वर केला. ती किंचाळली. मी हात पुढं रेटला. रक्त आलं, बेसिनमध्ये गुलाबी पाणी. ती स्टुलावरून उडी मारून आईच्या मशीनमागं जाऊन बसली.

"लाडावून ठेवलंय," मी आईला म्हटलं.

आई म्हणाली, "घाबरते रे ती तिथं."

"तूच शिकवलंस घाबरायला."

दुसऱ्या आठवड्यात मी तिला जमिनीवर झोपवून, तिचे हात माझ्या गुडघ्यांखाली दाबून ब्रश केला. दोनदा केला. तिसऱ्यांदा तिनं माझं बोट चावलं, किडलेल्या दातांनी, आणि स्वतःच जास्त रडली. आई दारात उभी होती. "सोड," म्हणाली. मी म्हटलं, "जा, कॉलर शिव."

मग मी पद्धत बदलली. ब्रश तिनं स्वतः करायचा, मी फक्त तपासणार. दातांच्या बाईंकडचा रंग मी बाटलीभर आणला होता. ब्रश झाला की रंग, चूळ, तोंड उघड, टॉर्च. दुकानातली भिंगाची काच मोबाईलला लावून फोटो. फोटो आठवड्यानुसार लावलेले, तारीख टाकून. एकदम शिस्तीत.

आणि मला सांगायला पाहिजे, पोरगी झटली. गोळ्या बंद, बिस्किट बंद. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की चॉकलेट घरी आणून माझ्या हातात द्यायची. जेवण झालं की गालातला साठवलेला घास बोटानं काढून, चूळ भरून दाखवायची, "खारूची तिजोरी रिकामी!" पाचव्या आठवड्यात तिच्या मागच्या दाढा अशा चमकायच्या की बाबांनी डोळे किलकिले करून बघितलं आणि म्हणाले, "हिला हेडलाइट बसवलेत का?" आठवड्यातलं त्यांचं ते एकमेव वाक्य. खारू दिवसभर तेच सांगत फिरली.

पण वर डावीकडं, फटीशेजारी, दर वेळी जांभळं. तळहाताएवढ्या तोंडात नखाएवढी जागा. तिथं ती ब्रश न्यायची, हवेत फिरवायची आणि काढायची. मी बघायचो. मला वाटायचं, हट्ट आहे.

"उद्या जांभळं दिसलं तर टीव्ही बंद."

टीव्ही बंद झाला.

"उद्या दिसलं तर मैदानात जाणं बंद."

तेही झालं. ती काही म्हणायची नाही. बंद म्हणजे बंद. खिडकीत बसून वहीत चौकोन काढायची आणि रोज एक खोडायची. चौऱ्याऐंशी.

सहाव्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, मी केलेली गोष्ट आता सांगतो. हिच्यापुढं बाकीचं काहीच नाही.

फोटो काढला. परत जांभळं. माझं डोकं फिरलं. मी मोबाईलवर तो फोटो मोठा केला, जेवढा होतो तेवढा. तो काळा दात, सुजलेली हिरडी, पिवळा थर, सगळं पडदाभर. आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"बघ. हे तुझं तोंड आहे. नीट बघ. पोरं तुला नळ म्हणतात ना? ते नाकामुळं नाही. तुझ्याशेजारी कुणी बसत नाही ते ह्याच्यामुळं. वास येतो. आम्ही घरचे आहोत म्हणून बोलत नाही."

वास येत नव्हता. मी आपलं म्हटलं. लागावं म्हणून म्हटलं. लागलं.

तिनं फोटोकडं बराच वेळ बघितलं. रडली नाही. तोंड मिटलं आणि हात त्यावर ठेवला. मला वाटलं, चला, आता डोक्यात प्रकाश पडला.

त्या दिवसापासून ती तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. दोन दिवसांनी शाळेच्या बाईंचा निरोप आला, वाचायला उभी केली तर वाचत नाही. मी म्हटलं, नाटकं.

आठवा आठवडा. संध्याकाळची वेळ, आई अजून कारखान्यात. मी बेसिनपाशी उभा होतो, खारू स्टुलावर. ब्रश तिनं केला, आणि तिथं परत हवेत फिरवला. मी या वेळी ओरडलो नाही. खरं तर दमलो होतो.

"एवढं सांग," मी म्हटलं. "तिथं का लावत नाहीस? दुखतं का?"

मान हलवून नाही.

"मग?"

हाताआडून म्हणाली, "तिथं नाही ना लावायचा."

"कोण म्हणतं?"

तिनं ब्रश वर केला. आरशाच्या वर. "तू."

कित्येक वर्षांनी मी ती पाटी वाचली.

'इथं हात लावायचा नाही! ब्रश नाही! बोट नाही! टाके उसवतील!' आणि खाली कवटी, दोन हाडांची फुली. विजेच्या डब्यावर असते तशी. नववीतला पोरगा होतो, मजा म्हणून काढली होती. शेजारी एका बाळाचं तोंड काढलेलं आणि वरच्या हिरडीला बाण.

आणि मग मला दुसरं आठवलं. तिला अक्षरं मी ह्याच पाटीवरून शिकवली होती. चार वर्षांची असताना. कडेवर घेऊन, बोट लावून. ह हाताचा. ब ब्रशचा. ट टाक्याचा. आयुष्यात तिनं पहिल्यांदा स्वतः वाचलेलं वाक्य ते. किती कौतुक झालं होतं तेव्हा घरात.

"जा, खेळायला जा," मी म्हटलं.

"बंद आहे ना?"

"चालू केलं. जा."

ती गेल्यावर मी कपाटातून तिची फाईल काढली. ऑपरेशनचे कागद, जुन्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांत खाली तो कागद. घरी सोडताना नर्सनं दिलेला. आईच्या कडेवर रडणारं बाळ, बाबा गाडी आणायला गेलेले, म्हणून नर्सनं तो माझ्या हातात दिला होता. "शिकतोयस ना? मग घरी नीट समजावून सांग." मी एवढा फुगलो होतो की घरी आल्या आल्या खोक्याचं झाकण कापलं.

कागदावर सगळ्यांत वर, ठळक: 'पहिले तीन आठवडे'. त्याखाली त्या ओळी. हात लावू नये, ब्रश लावू नये.

ते वरचं मी लिहिलंच नव्हतं. का, तेही आठवलं. अक्षरं पहिल्यापासून मोठी काढली. कवटीला जागा ठेवायची होती. वरच्या ओळीला जागा पुरेना. मी म्हटलं, जाऊ दे, मुद्द्याचं आलंय.

कागद उलटा केला. तो मी तेव्हा उलटलाच नव्हता. मागं लिहिलं होतं, 'तीन आठवड्यांनंतर: ओठ हळूच वर उचलून, शिवलेल्या जागेजवळचे दात मऊ ब्रशनं रोज दोन वेळा घासावेत. या बाजूचे दात सर्वांत आधी किडतात. भीती बाळगू नये.'

टाके तर आपोआप विरघळणारे होते. महिन्याभरात गेले असतील. आठ वर्षं आम्ही नसलेल्या टाक्यांची राखण करत होतो. आई बाळाचे दात फडक्यानं पुसायची तेव्हा तेवढी जागा सोडून पुसायची, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. पाटीकडं बघत पुसायची.

आता शहाणा माणूस काय करेल? आई आली की कागद तिच्या हातात देईल.

मी कागदाची घडी घातली आणि पँटच्या मागच्या खिशात घातली. पाटी ओरबाडून काढली, चार तुकडे केले आणि दुसऱ्या दिवशी दुकानाशेजारच्या कचऱ्यात टाकली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला.

आईनं तोंड धुताना बघितलं. "पाटी कुठं गेली?"

"ओल धरली होती. काढली."

"बरं."

आणि मी खारूशी गोड व्हायला गेलो. चार आठवडे उरले होते. मऊ ब्रश आणला, लहान बाळांचा. "खारू, आता तिथं लावायचा बरं का. टाके पक्के झालेत."

"कधी झाले?"

"आत्ताच."

"तू बघितलंस?"

"हो."

"फोटोत?"

"हो ना."

"मग मला लगेच का नाही सांगितलंस?"

मी ब्रश ओला केला. "उघड ना. हळू करतो. आईशप्पथ हळू."

तिनं तोंडावरचा हात काढला नाही. "नको. वास येतो."

"नाही येत गं. मी तेव्हा खोटं बोललो."

"आता खोटं बोलतोयस," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. खोटं नक्की कधी बोललो ते ती कशी ठरवणार! मी तर दोन्ही वेळा तोच दादा, तोच आवाज.

चार आठवडे तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं नाही. ब्रश न्हाणीघरात जाऊन, आतून कडी लावून करायची. मी दार वाजवायचो, आतून पाण्याचा आवाज. टॉर्च नाही, रंग नाही, फोटो नाही. जेवायलाही भिंतीकडं तोंड करून बसायची. आई म्हणाली, "पोरगी कमी खातेय." मी म्हटलं, "गोड बंद केल्याचा राग असेल." गाल जरा जड वाटत होता, पण मला वाटलं, घास साठवलाय. खारूच ती!

बाराव्या आठवड्यात तिला ताप आला. वहीतले चौकोन संपायला दोनच उरले होते. आम्ही तिघं दातांच्या बाईंकडं गेलो.

खुर्चीत आडवी झाल्यावर बाईंनी सांगितलं तर तिनं तोंड लगेच उघडलं. परक्या बाईसमोर. मी शेजारी उभा होतो तर डोळे मिटून घेतले.

बाई म्हणाल्या, "वा. मागचं सगळं सुंदर आहे. कुणी केलं?" मग दिवा जरा वळवला. "अरे देवा."

फटीशेजारी हिरडीला फोड आलेला. पू. बाईंनी फोटो काढला, क्ष-किरणांचा, आणि उजेडापुढं धरला. मला ते कळत नाही, पण एवढं दिसलं की एक पांढरं टोक तिरकं होऊन त्या काळ्या फटीत उतरलं होतं.

"सुळा आलाय," बाई म्हणाल्या. "आणि जिथं हाड नाही तिथंच आलाय. हे दोन दात आता काढावे लागतील, आजच. पू आहे तोवर हाड भरायचं नावही काढू नका. हे सगळं बरं व्हायला महिने जातील. मग भरता येईल कदाचित. पण सुळा टिकेल का, भरलेलं हाड धरेल का, ते मला विचारू नका. वेळ होती ती गेली."

खारूनं विचारलं, "नळ?"

बाईंना कळलं नाही. मला कळलं.

दोन्ही दात काढले. तिला बाकावर बसवलं, तोंडात कापसाचा बोळा. बाई हात धूत म्हणाल्या, "मला एक सांगा. बाकीचे दात ही पोर एवढे छान घासते. मग नेमकी हीच जागा का सोडते? कुणीतरी हिला भीती घातलीय. इथं हात लावायचा नाही असं कुणी सांगितलं हिला?"

खारूनं माझ्याकडं बघितलं. बोलता येत नव्हतं, नुसतं बघितलं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. तीन महिन्यांपूर्वी याच खोलीत मी बोंब मारली होती. आज साधा आवाजही फुटेना. खिसा आपोआप चाचपला. रिकामा होता. म्हटलं, कुठंतरी पडला असेल कागद. आणि खरं सांगू? हायसं वाटलं.

आई म्हणाली, "मी सांगितलं."

"तुम्ही?"

"हो. मला भीती वाटायची."

बाई तिला जे बोलल्या ते पहिल्या दिवशी मी तिला जे बोललो होतो त्याच्या दुप्पट होतं. आईच अशी असल्यावर आम्ही जीव काढून काय उपयोग, असं म्हणाल्या. या पोरीनं नशीब काढलं म्हणाल्या, फाटकं तोंड काय कमी होतं. आई ऐकत होती. या वेळी रुमाल नव्हता हातात. खारूचा हात होता.

रस्त्यानं मी म्हटलं, "आई, तू कशाला..."

"पँट मी धुते तुझी," आई म्हणाली. चालताना, समोर बघत. "खिसे बघूनच भिजवते."

माझे पाय थांबले. तिचे थांबले नाहीत.

"कधी?" मी मागून विचारलं.

"झाले पंधरा दिवस. वाट बघत होते, आज सांगेल, उद्या सांगेल."

"मग आत्ता तिथं बाईंना का नाही सांगितलंस?"

ती वळली. "तुझी लाज काढून माझ्या पोरीचा दात परत बसणार होता का? तुला बोलल्या असत्या तर तू परत हिच्यावर काढलं असतंस. माझी सवय आहे ऐकायची. तूच लावलीस."

खारू मधे उभी राहून दोघांकडं बघत होती. गाल सुजलेला. या वेळी खरोखर.

घरी आल्यावर आईनं कारखान्यातून आणलेलं गुंड्यांच्या खोक्याचं झाकण माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. लाल पेन ठेवला. दातांच्या बाईंनी दिलेला नवा कागद ठेवला. दात काढल्यावर काय करायचं आणि काय नाही.

"लिही," म्हणाली. "अक्षर चांगलं आहे तुझं."

मी पेन उचलला.

"आधी कागद उलट."

मी उलटला. मागं सहा ओळी होत्या. दोन्ही बाजू दोनदा वाचल्या आणि लिहायला लागलो. सगळ्यांत वर 'पहिला दिवस', मग 'दुसऱ्या दिवसापासून', मग 'आठवड्यानंतर'. मुंगीएवढी अक्षरं. कुठल्याही ओळीतला एक शब्द सोडला नाही. लिहून झालं तरी खाली चार बोटं जागा उरली.

खारू मागं येऊन उभी राहिली. ओठ हलवत सगळं वाचलं, वरून खालपर्यंत. मग हात पुढं केला. पेन मागत होती.

मला वाटलं, कवटी काढणार. मी पेन दिला.

तिनं झाकण स्वतःकडं ओढलं आणि उरलेल्या जागेत लिहिलं. मोठ्या अक्षरात, मी शिकवलेल्या वळणात. 'दादानं हात लावायचा नाही.'

आईनं वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही. चिकटपट्टी दातानं तोडली आणि पाटी त्या पांढऱ्या चौकोनावर लावून टाकली.